केडवेलच्या कोपऱ्यावरची ओडेसा

केडवेल गल्लीचा कोपरा रिकामा दिसला की ओडेसा टॉलिव्हरच्या पोटात गोळा यायचा. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. बाहेरचा माणूस म्हणणार, वा, काय शांत गल्ली आहे! अरे बाबा, शांत कसली, श्वास रोखून बसलीय ती. कोपऱ्यावर मार्केल आणि त्याची चार टाळकी उभी असली, एकमेकांना शिव्या देत, दुकानातले तिखट चिप्स खात, तर समजायचं आज काही होत नाही. दिवसभर धंदा करणारा माणूस उगाच आपलं ठाणं सोडून जातो का? आणि ती टाळकी एकाएकी नाहीशी झाली की समजायचं, कुणीतरी येणार आहे, आणि ते काही पाहुणचाराला येत नाहीत.

ही विद्या ओडेसाला कुणी शिकवली नव्हती. सत्तावीस वर्षं तिनं पुलास्की रस्त्यावर त्रेपन्न नंबरची बस चालवली होती. शिकागोच्या पश्चिम भागात सत्तावीस वर्षं बस चालवलेली बाई रस्त्याचा चेहरा ओळखते, जशी आई तापलेल्या पोराचा चेहरा ओळखते. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली, पंधरा दिवस घरी बसली, भिंतींशी बोलायला लागली, आणि सोळाव्या दिवशी शाळेच्या वाटेवर माणसं नेमणाऱ्या संस्थेत जाऊन नाव घालून आली. त्यांनी तिला एक पोपटी जाकीट दिलं, एक वॉकीटॉकी दिला आणि सांगितलं, या के-टाऊन वस्तीतली पोरं सकाळी शाळेत न्यायची, दुपारी घरी आणायची. मध्ये कुणाला काही होता कामा नये. बस, एवढंच.

एवढंच! बोलायला काय जातं?

अकरा वर्षं ती हे करत होती. त्रेचाळीस पोरं रांगेत. ती रांगेला 'माझी पायी बस' म्हणायची. "मागचे पुढं सरका! डेशॉन, तुझा स्टॉप आला का? नाही ना? मग उतरतोस कुठं?" अशी तिची तोफ चालू. अकरा वर्षांत केडवेलवर काय काय झालं, ते मोजायला बसलं तर रडू येईल. पण तिच्या रांगेतल्या एकाही लेकराला ओरखडा गेला नव्हता. हा तिचा अभिमान होता आणि हीच तिची भीतीही होती.

हे सगळं जाकिटानं होत नव्हतं. पोपटी जाकिटाला गोळी कळते थोडीच! हे होत होतं एका करारानं. पहिल्याच आठवड्यात ती सरळ कोपऱ्यावर गेली होती. तेव्हाचा म्होरक्या दुसरा होता, अंगानं आडवा, सोन्याचे दात. ओडेसा त्याला म्हणाली, "सकाळी साडेसात ते साडेआठ आणि दुपारी अडीच ते साडेतीन हा कोपरा माझा. तेवढा वेळ तुम्ही त्या लाँड्रीच्या भिंतीला जाऊन उभं राहायचं. टोप्या मागं, हात खिशाबाहेर, धंदा बंद. बाकीचा दिवस तुमचा. बाकीच्या दिवसात मला डोळे नाहीत."

"आणि नाही ऐकलं तर, आजी?"

"तर तुझ्या आईला सांगीन. सोळा वर्षं माझ्या बसमधून कामाला जात होती ती. दुसऱ्या बाकावर बसायची."

सोन्याचे दात हसले. पण दुसऱ्या दिवशी अडीचला सगळे भिंतीला लागले. तो म्होरक्या तुरुंगात गेला, त्याच्या जागी दुसरा आला, तो मेला, मग मार्केल आला. करार मात्र वारशानं चालत राहिला. अळीमिळी गुपचिळी. चांगलं का वाईट, ते चर्चमधल्या लोकांनी ठरवावं. ओडेसाला त्रेचाळीस पोरं घरी पोचवायची होती.

आणि मार्केल तर तिच्याच पहिल्या रांगेतला. अकरा वर्षांचा होता तेव्हा, बुटाच्या नाड्या कधी बांधायचा नाही. आता बावीसचा. त्याची आजी लुवेनिया ही ओडेसाची चाळीस वर्षांची मैत्रीण. केडवेलवरच, गल्लीच्या मध्यावर तिचं घर. आई गेली तेव्हा मार्केलला लुवेनियानंच वाढवलं. तो काय करतो ते तिला ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतंही, आज्यांना असतं तसं. रोज दुपारी ती पोर्चवर विणकाम घेऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायची.

त्या ऑक्टोबरात वॉर्डाच्या नगरसेवकानं, हॉलिस नावाच्या, जाहीर केलं की आपल्या भागातले गोळीबार गेल्या वर्षीपेक्षा एकतीस टक्क्यांनी घटले. भिंतींवर पत्रकं लागली. एकतीस टक्के! आता कमी झाले ही आनंदाचीच गोष्ट, कोण नाही म्हणतो? पण उरलेले एकोणसत्तर कुठं राहतात, ते पत्रकावर नव्हतं. बुधवारी दुपारी शाळा सुटताना हॉलिससाहेब टीव्हीवाल्यांना घेऊन येणार, पोरांबरोबर केडवेलवरून चालत जाणार आणि लोकांना दाखवणार की बघा, किती सुरक्षित झालंय. संस्थेची मुकादम शर्लीन, पस्तिशीची, भारी उत्साही, तिनं ओडेसाला सांगून ठेवलं, "मिस ओडेसा, कॅमेऱ्यासमोर दोन शब्द तुम्हीच बोलायचे."

मंगळवारी ओडेसा केस करून आली. लुवेनिया पोर्चवरूनच ओरडली, "काय गं ए, नटी! टीव्हीवर जाणार म्हणे! आधी ते जाकीट धू. त्यावर मोहरीच्या चटणीचा डाग आहे, गेल्या हिवाळ्यापासून बघतेय मी."

"तुला जळायला काय होतंय? तूही बस की पोर्चवर. मागं दिसशील."

"बसणारच! निळा झगा काढून ठेवलाय. तुझ्याकडं कोण बघतंय, सगळं शिकागो मला बघेल."

बुधवारी दुपारी सव्वादोनला ओडेसा धुतलेलं जाकीट घालून कोपऱ्यावर आली, आणि कोपरा रिकामा होता.

तिनं लाँड्रीच्या भिंतीकडं पाहिलं. तिथंही कुणी नाही. किराणा दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं. वारा सुटला होता, पाना-कागदांचा कचरा रस्त्याच्या मधोमध फिरत होता, आणि बाकी काही हलत नव्हतं.

वॉकीटॉकीवर शर्लीन किणकिणली, "मिस ओडेसा, मी आत्ताच गाडीनं तिकडून आले. काय स्वच्छ कोपरा आहे आज! साहेब एकदम खूश होणार बघा."

"हं," ओडेसा म्हणाली.

तिनं स्वतःला समजावलं. असेल, बाई, असेल. दुपारी एकला पोलिसांची गाडी चक्कर मारून गेली होती म्हणे, साहेब येणार म्हणून. ती बघून पोरं पांगली असतील. एवढं साधं असेल. साहेबांच्या दिवशी दरवेळी काय आभाळ कोसळतं का? पण नाही कोसळलं तर बरं, आणि कोसळलं तर बरोबर त्याच्याखाली त्रेचाळीस पोरं असणार, एक आमदार होऊ पाहणारा साहेब असणार आणि हातात माइक घेतलेली ती स्वतः असणार. नक्की कळायला हवं होतं, आणि विचारायला कोपऱ्यावर माणूस नव्हता.

तिनं गल्लीत लांबवर लुवेनियाच्या पोर्चकडं पाहिलं. खुर्ची होती. निळा झगा नव्हता.

ओडेसा चालायला लागली. गुडघे कुरकुरत होते, तरी ती पळाल्यासारखीच चालली. लुवेनियाचे पडदे ओढलेले. बेल वाजवली, दार ठोकलं. आतून आवाज नाही. शेजारचा म्हातारा ह्यूबर्ट अंगणातली पानं ओढत होता.

"ती नाही घरात," तो म्हणाला. "मार्केल घेऊन गेला. जेवणाच्या सुमाराला. मेवुडला, तिच्या बहिणीकडं."

"आज? आज कशी जाईल ती?"

"अगं तेच तर! काय भांडली! म्हणे मला टीव्हीवर यायचंय, म्हणे मी झगा इस्त्री केलाय. त्यानं अक्षरशः उचलून गाडीत कोंबली तिला. औषधांची पिशवीही घेतली, रात्रीच्या गोळ्यांची. तोंडून एक शब्द नाही पोराच्या."

आता विचारायचं काही उरलं नव्हतं. साहेबाच्या धाकानं पांगलेलं पोर आजीला उचलून गाव बदलत नाही. मार्केलला ठाऊक होतं की आज केडवेलवर गोळी चालणार आहे.

घड्याळात दोन चौतीस. शाळा पावणेतीनला सुटणार.

पोलिसांना सांगावं? काय सांगणार? एक म्हातारी पोर्चवर नाही म्हणून? आणि सांगितलंच, मार्केलचं नाव घेतलंच, तर आज ते त्याला उचलतील, आणि उद्या कोपऱ्यावर कुणीतरी नवा येईल, ज्याची आई ओडेसाच्या बसमध्ये कधी बसली नव्हती. करार संपला. शिवाय लुवेनियाला त्या एका नातवाशिवाय कोण होतं? आणि न सांगावं, तर दहा मिनिटांत पोरं रस्त्यावर.

तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "शर्लीन, वाट बदल. पोरांना पुलास्कीनं ने. रहदारी आहे, बसगाड्या आहेत, लोक आहेत."

"काय? आज? मिस ओडेसा, कॅमेरे लागलेत इथं! साहेब कोट घालून उभे आहेत! कारण काय?"

"मी सांगतेय म्हणून."

"अहो, मला फॉर्मवर कारण लिहावं लागतं. मी काय लिहू, मिस ओडेसांच्या पोटात गोळा आला?"

ओडेसानं डोळे मिटले. ती चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारी बाई. खोटं बोलण्याबद्दल तिनं रविवारच्या वर्गात किती पोरांचे कान पिळले असतील, देव जाणे.

"गॅसचा वास येतोय," ती म्हणाली. "केडवेलच्या कोपऱ्यावर. फार जोरात. डोकं धरलंय माझं."

शर्लीनचा आवाजच बदलला. गॅस म्हटलं की कुणी कारण विचारत नाही, तो नियमच आहे. वाट बंद, अग्निशमन दलाला फोन. "तुम्ही लांब व्हा तिथून! मी पोरांना पुलास्कीनं नेते. मिस ओडेसा, ऐकताय ना? लांब व्हा!"

ओडेसा लांब झाली नाही. ती कोपऱ्यावर परत गेली. कुणी एखादं पोर चुकून इकडं वळलं तर? ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरून, जशी चालू बस थांबवायला उभी राहावी तशी. दोन पंचेचाळीस. शाळेची घंटा इथवर ऐकू यायची, ती झाली. या क्षणी दारातून बाहेर पडत असतील. जाड्या टिमोथी सगळ्यात पुढं असेल, त्याला नेहमी घाई.

सायरन आला. लाल धूड सोळाव्या रस्त्यावरून वळलं आणि केडवेलच्या तोंडाशी आडवं लागलं. माणसं उड्या मारून उतरली, एकानं तिला दंडाला धरून बाजूला ओढली. आणि त्या लाल धुडापलीकडं, केडवेलमध्ये वळू पाहणारी एक राखाडी गाडी ओडेसाला दिसली.

गाडी हळू येत होती. बाहेर अंग कापणारी थंडी होती, तरी चारी काचा खाली. आत चार जण, डोक्यावरून टोप्या ओढलेल्या. मागच्या खिडकीतल्या पोरानं अग्निशमनची गाडी बघितली, मग ओडेसाला बघितलं. वीस वर्षांचाही नसेल. किती वेळ बघत होता, तिला नंतर कधी सांगता आलं नाही. दोन श्वास असतील, दहा असतील. मग गाडी तशीच मागं सरकली, वळली आणि निघून गेली.

ओडेसानं मान फिरवली. दोन घरांमधल्या बोळकांडीतून मार्केल बाहेर येत होता, उजवा हात जाकिटात. त्यानं जाणाऱ्या राखाडी गाडीकडं पाहिलं, लाल गाडीकडं पाहिलं आणि मग सरळ तिच्याकडं. नजरेत आभार नव्हते. हिशेब होता. तो वळला आणि मागच्या गल्लीत दिसेनासा झाला.

ओडेसा फुटपाथवर मटकन बसली. वॉकीटॉकीतून शर्लीन सांगत होती, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पोचली, टिमोथीची टोपी हरवली तेवढी. ओडेसा रडायला लागली. अग्निशमनच्या एका माणसाला वाटलं गॅस डोक्यात गेला, त्यानं तिच्या तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावला.

गॅस कंपनीचा माणूस यंत्र घेऊन गल्लीभर हिंडला. काही नाही. दलाचा कप्तान, पांढऱ्या मिशांचा सभ्य गृहस्थ, तिच्यापुढं उकिडवा बसला. "बाई, वास नक्की कुठं आला तुम्हाला?"

तिनं मुखवटा काढून मांडीवर ठेवला.

"आला का?"

खोटं एकदा बोलायचं होतं, ते बोलून झालं होतं. ज्याच्यासाठी बोलली ती पोरं घरी पोचली होती. आता या माणसाच्या तोंडावर, डोळ्यात डोळे घालून, पुन्हा बोलणं तिच्यानं होईना. "नाही आला," ती म्हणाली.

"मग फोन का करायला लावलात?"

"ते नाही सांगता यायचं."

पुढं सगळं पटापट झालं. पोलिसानं खोट्या वर्दीचा कागद लिहिला, कोर्टाची तारीख दिली. साहेबाचा मदतनीस म्हणाला, या बाईनं सहा महिन्यांच्या तयारीवर पाणी ओतलं. संध्याकाळी पाचला शर्लीन घरी आली, डोळे सुजलेले. "अकरा वर्षं, मिस ओडेसा! मला एक वाक्य द्या, एक कारण द्या, मी वरच्यांशी भांडते."

"कारण नाही, बाळा."

"असं कसं नाही? तुम्ही काय वेड्या आहात?"

"तसं लिही हवं तर."

शर्लीननं जाकीट आणि वॉकीटॉकी घेतला. दारात थांबली, परत आली, ओडेसाच्या गळ्यात पडली आणि गेली. आता गंमत बघा. त्या दिवशी पोलिसांच्या यादीत केडवेलच्या नावावर एकच गुन्हा चढला: खोटी वर्दी, स्त्री, वय सहासष्ट. बाकी गल्ली धुतल्या तांदळासारखी. आकड्यांना राखाडी गाडी दिसत नाही. न झालेल्या गोळीबाराचा फॉर्मच नसतो.

सहा वाजता मागच्या दारावर टकटक झाली. ओडेसा मक्याचा पाव कापत होती. मार्केल आत आला, टोपी काढली. तेवढी शिस्त लुवेनियानं लावली होती. बसला मात्र नाही.

"तुम्हाला कोण बोललं, मिस ओडेसा?"

"पाव खाणार?"

"मस्करी नको. ते पलीकडच्या टोळीवाले येणार हे आम्हा पाचांना माहीत होतं. फक्त पाचांना. त्यातला एक तुम्हाला बोलला. आज तुम्हाला बोलला, उद्या त्यांना बोलेल." त्याचा आवाज अगदी खाली होता. "डेव्हिनच ना? त्याची बहीण तुमच्या चर्चमध्ये गाते."

ओडेसाच्या हातातली सुरी थांबली. तिला एकदम कळलं की आता इथं, या स्वयंपाकघरात, डेव्हिनचा जीव टांगणीला लागलाय. "कुणी नाही बोललं."

"मग खरंच गॅसचा वास आला वाटतं? ते कप्तानाला सांगा. मला नाव पाहिजे, नाहीतर मी डेव्हिनच धरतो."

इकडं आड, तिकडं विहीर. डेव्हिनला वाचवायचं तर खरं सांगायला हवं. आणि खरं सांगितलं, तर पुढच्या वेळी हा आजीला हलवणार नाही. गल्लीला सुगावा लागू नये म्हणून म्हातारीला पोर्चवरच बसवून ठेवेल. ओडेसानं सुरी खाली ठेवली.

"तुझ्या आजीनं सांगितलं," ती म्हणाली.

तो ताठ झाला. "आजीला काही ठाऊक नव्हतं."

"तिनं तोंड उघडलंच नाही. तिचा निळा झगा इस्त्री करून ठेवला होता, मार्केल. टीव्हीवर यायचं होतं तिला. आणि ती पोर्चवर नव्हती. रात्रीच्या गोळ्याही नव्हत्या. तू तिला हलवलंस, म्हणून मला कळलं."

मार्केलनं हातातली टोपी पिळली. मग म्हणाला, "म्हणजे पुढच्या वेळी नाही हलवायची."

ओडेसानं त्याच्या थोबाडीत मारली. खाडकन. त्याच्या जाकिटात काय असतं ते तिला ठाऊक होतं. पण तो हलला नाही.

"तिला ढाल करणार? जिनं तुला हातावर वाढवलं तिला? लाज नाही वाटत रे? अरे, माझ्या रांगेत होतास तू. नाड्या मी बांधायची तुझ्या!"

"मग मी काय करू?" तो ओरडला, आणि त्या ओरडण्यात बावीस वर्षांचा माणूस नव्हता. "मी उभा नाही राहिलो तर ते उद्या तिच्या दारात येतील! मी सुरू नाही केलं हे सगळं!"

"ते मला नाही सोडवता येत," ओडेसा म्हणाली. "मी म्हातारी बाई आहे, माझ्याकडं आता जाकीटही नाही. माझं एकच मागणं. पुढच्या वेळी तू स्वतः येऊन सांग. तोंडावर. का, कोण, किती वाजता, काही नको. नुसतं सांग, आज वाट बदला."

"त्याला चुगली म्हणतात, मिस ओडेसा. त्याला मारतात आमच्यात."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे आणि तरी मागताय?"

"तरी मागतेय. आणि डेव्हिनला हात लावायचा नाही."

त्यानं टोपी घातली. आला तसा मागच्या दारानं गेला. पाव तसाच राहिला.

गुरुवारी सकाळी ओडेसा कोपऱ्यावर गेली, चर्चचा काळा कोट घालून. नव्या पोपटी जाकिटात एक नवी बाई उभी होती, दक्षिण भागातली, बिचारी फार सौजन्यानं म्हणाली, "तुम्हाला इथं थांबायची परवानगी नाही, मॅडम."

"रस्ता सगळ्यांचा आहे, बाळा. मी हवा खातेय."

शुक्रवारही तसाच गेला. मार्केल आणि त्याची टाळकी भिंतीला, टोप्या मागं, हात बाहेर. पण एकानंही तिला "गुड मॉर्निंग" म्हटलं नाही. मार्केलनं तर तिच्याकडं पाहिलंही नाही. डेव्हिन मात्र तिथं होता, दोन्ही पायांवर उभा, चिप्स खात. तेवढ्यावर तिनं देवाचे आभार मानले. पोरं विचारत होती, मिस ओडेसा, तुम्ही आज जाकीट का नाही घातलं? ती म्हणायची, धुवायला टाकलंय. म्हणजे खोटं दुसऱ्यांदाही जमलं.

सोमवारी सकाळी सात चाळीसला सगळं जागच्या जागी होतं. दुकान उघडं. भिंतीला पाचही जण. लुवेनिया मेवुडहून परत येऊन पोर्चवर, शाल पांघरून, कॉफी पीत. ओडेसाच्या जुन्या विद्येप्रमाणं इतका चांगला दिवस महिन्यात नव्हता. पोरांची रांग लागली. नवी बाई म्हणाली, "चला मुलांनो!"

तेवढ्यात मार्केल भिंतीपासून सुटला.

तो रस्ता ओलांडून आला, घाई न करता, सगळ्यांदेखत. भिंतीजवळचे चौघे बघत होते. एकानं त्याला हाक मारली, त्यानं वळून पाहिलं नाही. ओडेसापुढं येऊन उभा राहिला आणि कुजबुजला नाही, चांगला मोठ्यानं बोलला.

"मिस ओडेसा, आज पुलास्कीनं न्या."

भिंतीपाशी चिप्सची पिशवी कुणीतरी खाली टाकली.

"वाटेत आजीलाही घ्या," तो म्हणाला. "ऐकणार नाही ती. ओढत न्या."

नवी बाई वॉकीटॉकी चाचपडत म्हणाली, "वाट बदलायला कारण लागतं, तसं नाही..." पण पोरं तिच्याकडं बघतच नव्हती. त्रेचाळीस तोंडं ओडेसाकडं वळली होती.

"मागं फिरा," ओडेसा म्हणाली. "सगळी बस मागं फिरा. टिमोथी, धक्के मारू नकोस."

मग तिनं मार्केलचा दंड धरला. तिला सगळं दिसत होतं, भिंतीजवळचे चार चेहरे, आणि आता त्या चेहऱ्यांवर काय होतं तेही. "चल," ती म्हणाली. "तूही चल रे आमच्याबरोबर. आत्ता. असाच चल."

तो हसला. अकरा वर्षांचा होता तेव्हा हसायचा तसाच.

"मी मोठा झालो, मिस ओडेसा," तो म्हणाला आणि तिचा हात हळूच सोडवून भिंतीकडं परत गेला.

ओडेसा पोरांना घेऊन पुलास्कीकडं वळली. मध्ये लुवेनिया सपाता घालून, कॉफीचा कप हातात, शिव्या देत चालत होती, मला कुठं नेताय, मार्केल कुठाय, कुणी काही सांगेल का मला? ओडेसानं तिचा हात घट्ट धरला होता आणि ती काहीच सांगत नव्हती.